मल्टी-केमिस्ट्री चार्जर घ्यायचाय? आधी घरातले सेल गोळा करा

मल्टी-केमिस्ट्री चार्जर म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे सेल एकाच मशीनमध्ये चार्ज करणारा. तो कोणता घेऊ हे सगळेच विचारतात, पण घरात सेल कोणकोणते आहेत असं उलट विचारलं की उत्तर येते, "आपले नेहमीचेच, पेन्सिल सेल." राजेहो, पेन्सिल सेल ही साइज झाली, आत काय भरलंय ते त्यातून कळत नाही, आणि चार्जरचा सगळा संबंध आतल्या मालाशीच आहे. म्हणून पहिलं काम बाजारात नाही, घरातच आहे.

एक जुना पेपर अंथरा आणि घरभर फिरून सगळे सेल त्यावर आणून ठेवा. रिमोट, बीपीची मशीन, भिंतीवरचं घड्याळ, पोरांच्या गाड्या, टॉर्च, अंगणातला सोलर दिवा, बंद पडलेला इमर्जन्सी लाइट, गावाकडं शेती असेल तर फवारणी पंपाची बॅटरीही यादीत धरा. मग चष्मा लावून नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून एकेकाचं लेबल वाचा. पाहायच्या फक्त दोन गोष्टी, प्रकार आणि व्होल्ट, आणि त्याप्रमाणे वेगवेगळे ढीग लावा.

सगळ्यात मोठा ढीग बहुतेक घरात चार्ज न होणाऱ्या सेलचा निघते. झिंक-कार्बन, अल्कलाइन, वजनकाट्यातला बटणासारखा सीआर २०३२, हे सगळे वापरा आणि टाका. लेबलवर बारीक अक्षरात रिचार्ज करू नका असं छापलेलं असते. कोणी म्हणते की थोडं थोडं चार्ज केलं तर चालते, नका ऐकू बापा, आत गॅस तयार होऊन सेल गळते, फुगते, कधी फुटतेही.

दुसरा ढीग निकेल मेटल हायड्राइडचा, लेबलवर एनआय-एमएच आणि १.२ व्होल्ट. पेन्सिल साइजवर (एए) साधारण २००० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावते तो आकडा, आणि त्याहून बारक्यावर (एएए) ८०० च्या आसपास. १.२ म्हणजे १.५ पेक्षा कमी, मग मशीन चालणार कशी, ही शंका प्रत्येकाला येते. अल्कलाइन सेल १.५ वर सुरू होऊन वापरता वापरता खाली घसरत जाते, निकेलवाला मात्र बराच वेळ १.२ धरून राहते, त्यामुळे बहुतेक वस्तूंना काही फरक पडत नाही. भिंतीवरच्या घड्याळात मात्र साधा झिंकचा सेलच राहू द्या, स्वस्तातला सेल वर्षभर जातो, तिथं चार्जिंगचा उपद्व्याप कायले?

तिसरा लिथियम-आयन, ३.६ किंवा ३.७ व्होल्ट. चांगल्या टॉर्चमध्ये असते तो १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. २१७०० त्याचा मोठा भाऊ. यात एक बारका आहे १४५००, आणि खरी भानगड तिथं आहे, कारण तो दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा, लांबी-जाडी जवळपास तीच, पण व्होल्ट अडीच ते तीनपट. दोन सेलच्या खेळण्यात असे दोन टाकले तर ३ च्या जागी ७ च्या वर व्होल्ट जातात आणि खेळणं गेलं. घरात १४५०० असेल तर त्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा, आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

चौथा लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला लोक एलएफपी म्हणतात, ३.२ व्होल्ट. सोलर दिव्यात जो जाडजूड ३२६५० सेल असते तो बहुतेक हाच. दिसायला लिथियम-आयनसारखाच, पण याला ३.६५ व्होल्टच्या वर न्यायचं नसते आणि लिथियम-आयन ४.२ पर्यंत जाते, हा फरक पुढं फार कामाचा आहे.

आजकाल एक पाचवा प्रकारही घरात येतो. पेन्सिल साइज, १.५ व्होल्ट, लिथियम, आणि सेलच्याच अंगाला किंवा डोक्यावर यूएसबीचं छोटं भोक. याच्या आत लिथियमचा छोटा सेल आणि व्होल्ट खाली आणणारं सर्किट असते. हा चार्जरच्या नेहमीच्या खान्यात टाकायचा नाही, त्याच्या वायरनंच चार्ज करायचा, खान्यात टाकायचा तर चार्जरवर १.५ व्होल्ट लिथियम चालते असं स्पष्ट लिहिलं असेल तरच.

आणि शेवटचा लेड-ॲसिड, म्हणजे इमर्जन्सी लाइटमधली ४ किंवा ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी, पोरांच्या बसायच्या गाडीतली ६ किंवा १२ ची, फवारणी पंपातली १२ ची.

एकाच मशीनमध्ये सगळं कसं काय

प्रत्येक प्रकाराची पोट भरल्याची खूण वेगळी असते, आणि चार्जरचं खरं काम ती खूण ओळखून थांबायचं. निकेलवाला भरला की त्याचा व्होल्ट वर जाऊन किंचित खाली येते, अगदी काही मिलिव्होल्ट, चार्जर ती घसरण पकडून बंद होते. लिथियमला आधी ठराविक करंट द्यायचा, ४.२ ला पोचला की व्होल्ट तिथंच धरून करंट हळूहळू कमी करत न्यायचा आणि मग पूर्ण थांबवायचा. लेड-ॲसिडचंही जवळपास तसंच, फक्त १२ च्या बॅटरीला १४.४ च्या आसपास नेतात आणि लावूनच ठेवायची असेल तर साडेतेराच्या थोडं वर धरून ठेवतात. लिथियमला निकेलचा नियम लावला तर तो घसरण शोधत बसेल, लिथियमला ती घसरण येतच नाही, आणि तोवर सेलचं भजं होईल.

आता ऑटो डिटेक्ट म्हणून जे लिहिलेलं असते त्याला फार भाव देऊ नका. बहुतेक चार्जर सेल टाकल्यावर नुसता व्होल्ट पाहतात, साधारण २ च्या वर असला की लिथियम, खाली असला की निकेल. एवढीच अक्कल. एलएफपी आणि लिथियम-आयन यातला फरक नुसत्या व्होल्टवरून त्याला कळत नाही, तो एलएफपीला सरळ ४.२ कडं नेईल. आणि पार मेलेला लिथियम सेल, जो २ व्होल्टच्या खाली गेला, त्याला निकेल समजू शकते. म्हणून सोलर दिव्याचे सेल चार्ज करायचे असतील तर हातानं प्रकार निवडता येणाराच चार्जर पाह्यजे, यात तडजोड नाही.

कोणता घ्यायचा

ढीग पाहूनच ठरवा. सुटे सेलच आहेत, निकेल आणि लिथियम, तर खान्यांचा चार्जर घ्या, स्प्रिंगवर मागं सरकणारी पट्टी असलेला. त्यात मी चार गोष्टी पाहीन. एक, प्रत्येक खाना स्वतंत्र पाहिजे. जोडीनं चार्ज करणारे स्वस्त चार्जर असतात, त्यात एक सेल भरलेला आणि एक रिकामा टाकला की दोघांचंही वाटोळं होते. दोन, करंट निवडता आला पाहिजे, निदान २५०-३०० पासून १००० मिलिअँपिअरपर्यंत. तीन, स्क्रीनवर नुसते लाल-हिरवे दिवे नकोत, व्होल्ट आणि एमएएच दिसले पाहिजेत. चार, सगळ्यात लांब सेल खान्यात बसतो का ते दुकानातच बसवून पाहा, २१७०० प्रोटेक्शन सर्किटसकट, म्हणजे सेलला जपणारी छोटी पट्टी आत बसवलेला, असला की लांबी वाढते आणि मग पट्टी पोचत नाही.

अडॅप्टरचं लोक विसरतात. खान्यांचे बरेच चार्जर यूएसबीवर चालतात आणि डब्यात अडॅप्टर येतच नाही. चार खान्यांत चार लिथियम, प्रत्येकी १ अँपिअर, म्हणजे १६-१७ वॉट तर सेललाच लागतात, आणि घरात पडलेला जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा मोबाइल अडॅप्टर देते ५ वॉट. मग चार्जर स्लो आहे म्हणून शिव्या देत बसायचं. डब्यावर इनपुट काय लिहिलंय ते वाचा आणि तेवढा दमदार अडॅप्टर लावा.

तारा जोडून पॅक चार्ज करायचे असतील, म्हणजे ड्रोनचा पॅक, फवारणी पंप, पोरांच्या गाडीची बॅटरी, तर मात्र हॉबीवाल्यांचा बॅलन्स चार्जर लागते, म्हणजे पॅकमधले सगळे सेल सारखे भरणारा. त्यात लिथियमचे दोन-तीन प्रकार, निकेल, लेड सगळं मेनूत असते आणि प्रत्येक वेळी तुम्हालाच निवडावं लागते. ताकदवान आहे पण चुकीला माफी नाही. नवीन माणसानं आधी खान्यांचा घ्यावा, हात बसला की हा, असं माझं मत. दोन्ही कामं एकातच करायच्या नादात लोक हॉबी चार्जरला क्लिपा लावून सुटे सेल चार्ज करतात, ते नकोच.

आणि हो, घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची, म्हणजे दीड लाख एमएएचची, बॅटरी यातल्या कशानंही चार्ज करायची नाही. ५ अँपिअरनं लावली तरी दीड दिवस जाईल, इन्व्हर्टर ते काम स्वतः करते.

सेल घेताना

चार्जर बरा मिळते, फसवणूक सेलमध्येच होते. नागपुरात बर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलं की कुठंतरी काउंटरवर चकचकीत १८६५० पुढं येतेच, "भाऊ, हा घ्या, ९९०० एमएएचचा आहे, दुसरीकडं भेटनार नाही." दुसरीकडं कुठंच भेटणार नाही हे खरंय, कारण असा सेल जगात कोणी बनवलेलाच नाही. १८६५० मध्ये बहुतेक चांगल्या कंपन्या साडेतीन हजारांच्या आसपास येऊन थांबतात. ५००० लिहिलेला असला तरी खोटा, ६८०० लिहिलेला असला तरी खोटा. खरा सेल हातात घेतला की जाणवते, ४५ ग्रॅमच्या आसपास वजन असते, खोटा घेतला की रिकाम्या नळीसारखा वाटते. आत जुन्या लॅपटॉपचा काढलेला सेल नव्या कव्हरात घातलेला असते, नाहीतर बारका सेल आणि भरताड. लिथियम सेलला आपल्याकडं आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते, लेबलवर किंवा डब्यावर आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी नंबर शोधा. आणि बिल मागा, बिल म्हटलं की निम्मे खोटे सेल आपोआप काउंटरखाली जातात.

पहिल्यांदा लावताना

जागा आधी ठरवा. फरशी, कडप्पा, स्टीलचं ताट, यावर. गादी, सोफा, लाकडी कपाट, देवघराचा पडदा जवळ, यावर नाही. वर-खाली, आजूबाजूला चार बोटं हवा खेळू द्या.

सेल टाकायच्या आधी त्याचं प्लास्टिक कव्हर पाहा. १८६५० ला वरच्या टोकापासून बाजूपर्यंत सगळं अंग मायनसच असते, फक्त मधलं टोक प्लस, त्यामुळे कव्हर फाटलं की कडेला शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. फाटलेला, चेपलेला, फुगलेला, गळलेला सेल चार्जिंगला जातच नाही, त्याचा निकाल शेवटी सांगितलाय. मग प्लस-मायनस पाहून बसवा. चांगल्या चार्जरला उलटा सेल कळते, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रकार निवडा. स्क्रीनवर ४.२ दिसते की ३.६५ दिसते की निकेलचं दिसते, ते सुरू व्हायच्या आधी वाचा. बऱ्याच चार्जरमध्ये पहिल्या काही सेकंदांतच हे बदलता येते, नंतर बटण लॉक होते, मग सेल काढून परत टाकायचा.

करंट किती द्यायचा यात नवीन माणूस अडकते, म्हणून सरळ सांगते. लिथियमला त्याच्या एमएएचच्या अर्ध्याच्या आत राहा, २६०० चा सेल असेल तर १००० मस्त, जुना असेल तर ५००. छोट्या १४५०० ला, जो ७००-८०० चा असते, त्याला २५०-३०० च्या वर नको. निकेलच्या पेन्सिल सेलला ५०० ते १०००, बारक्याला ३०० ते ४००. निकेलमध्ये अगदी कमी करंटही बरा नाही, कारण मग ती व्होल्टची घसरण इतकी बारीक होते की चार्जरला दिसतच नाही आणि तो भरलेल्या सेलमध्ये भरतच राहते. लोकांना वाटते हळू म्हणजे सेफ, लिथियमला ते खरं आहे, निकेलला नेहमीच नाही.

वेळेचा हिशोब सोपा आहे, २००० चा सेल ५०० नं लावला तर चार तास होतात पण प्रत्यक्षात पाचच्या जवळ जाते, कारण निकेल जेवढं देते त्यापेक्षा जास्त घेते. म्हणून स्क्रीनवर २००० च्या सेलला २३०० भरले असं दिसलं तर चार्जर बिघडला नाही, थोडी ऊर्जा गरम होण्यात जाते. विजेच्या बिलाची काळजी तर अजिबातच नको, एका युनिटमध्ये असे शंभरावर सेल निघतात.

पहिल्या वेळी अर्धा-अर्धा तासानं हात लावून पाहा. कोमट चालते, निकेलवाला शेवटी शेवटी बराच कोमट होते तेही चालते. हात ठेववत नाही इतका गरम झाला की काढा. लिथियम सेल तर फार गरम व्हायलाच नको, होत असेल तर सेल म्हातारा झाला आहे किंवा करंट जास्त आहे. आणि लावून झोपायचं नाही, घर बंद करून लग्नाला जायचं नाही.

आपल्या उन्हाळ्याचं काय

चार्जरसोबतचं पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं नागपूरचा मे महिना पाहिलेला नसते. लिथियम-आयन चार्ज करायची हद्द साधारण ० ते ४५ डिग्री धरतात, आणि ही हद्द सेलच्या तापमानाची आहे, खोलीच्या नाही. आपल्याकडं मे मध्ये बाहेर ४५ असते, वरच्या मजल्यावरची स्लॅब दुपारभर तापून खोली ४० ला, आणि चार्ज होताना सेल त्यावर आणखी काही डिग्री चढते, म्हणजे हद्द तिथंच संपली. २०२४ च्या मे मधलं ते ५६ डिग्रीचं प्रकरण आठवते ना, नंतर हवामान खात्यानं सेन्सरच बिघडला होता म्हणून सांगितलं, पण सेन्सर बरोबर असतानाही आपलं जे खरं तापमान असते तेवढं सेलला पुरे.

म्हणून एप्रिल ते पावसापर्यंत चार्जिंग सकाळी. पाच-साडेपाचला लावा, आठ-नऊपर्यंत काम होते, उरलं तर दुसऱ्या दिवशी. करंट एक पायरी खाली आणा, हजारच्या जागी पाचशे. तापमान पाहून थांबणारे चार्जर दुपारी सेल अर्धवट भरून भरला म्हणून सांगतात, उन्हाळ्यात नवाच सेल कमी चालतो अशी तक्रार येते त्यातल्या कित्येकांचं कारण हेच असते. कूलरच्या समोर चार्जर ठेवायचा मोह होते, गार हवा मिळते म्हणून, पण ती हवा ओली असते आणि पॅड नवा असला की शिंतोडेही येतात. पंख्याखाली ठेवा, कूलरसमोर नको.

भरलेला लिथियम सेल गरम जागी पडून राहिला की लवकर म्हातारा होते. पार्किंगमधल्या गाडीत टॉर्च ठेवूच नका. महिना-दोन महिने वापरायचा नसेल तर ३.७-३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धा भरून, घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये कोणी कोणी ठेवतात, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरते, मला ते पटत नाही.

आणि जूनमध्ये वादळ-वारा सुरू झाला की लाइट जाते-येते. लाइट आली की बरेच चार्जर पहिल्यापासून सुरू होतात आणि तुम्ही हातानं केलेली निवड विसरून मूळ सेटिंगवर जातात. लिथियम-आयनला त्यानं काही होत नाही, पण सोलर दिव्याचा एलएफपी ३.६५ वर लावला होता आणि लाइट येऊन तो ४.२ वर गेला तर काम बिघडते. तुमचा चार्जर काय करते हे घ्यायच्या दिवशीच प्लग काढून-लावून पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. ढग भरून आले असतील त्या दिवशी एलएफपी लावूच नका.

फवारणी पंपाची बॅटरी

काटोल-सावनेरकडं संत्र्याचा बगीचा असलेल्या जवळपास प्रत्येक घरी पाठीवरचा बॅटरी पंप आहे, आणि हंगाम संपला की तो गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते. पुढच्या हंगामात बॅटरी धरत नाही म्हणून नवी आणतात. लेड-ॲसिडला रिकामं ठेवलेलं सहन होत नाही, आत प्लेटांवर कडक थर बसते, म्हणून वापर संपला की आधी पूर्ण चार्ज, मग ठेवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा.

बॅलन्स चार्जरवर असं करा. पंपातून बॅटरी बाहेर काढा, वरचा छाप वाचा, बहुतेक १२ व्होल्ट ८ एएच असते, आणि लेड-ॲसिडच आहे ना तेही तिथंच पाहा, कारण आता लिथियमच्या बॅटरीचे पंपही आलेत. चार्जरच्या मेनूत लेडचा प्रोग्रॅम निवडा. करंट एएचच्या दहाव्या भागाचा, म्हणजे ०.८ अँपिअर. व्होल्ट १२, काही चार्जरवर त्याच्याच शेजारी सहा सेल असं दिसते, बरोबर आहे, दोन-दोन व्होल्टचे सहा. आधी तारा चार्जरला लावा, मग बॅटरीला, लाल लालला. मग स्टार्टचं बटण दाबून धरा, नुसतं टिचकी मारून सुरू होत नाही. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास, म्हणजे अख्खा दिवस धरा, घाई करून ३ अँपिअर देऊ नका. खिडकी उघडी राहू द्या, सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली तर गॅस सोडते. औषधाचा वास-डाग असलेली बॅटरी आधी पुसून घ्या, स्वयंपाकघरात तर नकोच.

सेल मेला की नाही कसं कळणार

खान्यांच्या चार्जरमध्ये टेस्टचा मोड असला की तो पूर्ण भरून, रिकामा करून, परत भरते आणि रिकामा होताना किती एमएएच निघाले ते दाखवते. हाच आकडा खरा, भरतानाचा नाही. नवीन सेल आणल्या आणल्या टेस्ट लावा आणि आकडा-महिना सेलवरच मार्करनं लिहा, वर्षानं परत मोजला की लगेच कळते. छापलेल्याच्या ६० टक्क्यांच्या खाली आला की तो बीपी मशीनमधून काढून रिमोटला द्या. चार सेल लागणाऱ्या वस्तूत चारही जवळपास सारख्या आकड्याचे टाका, एक कमजोर असला की बाकीचे तीन त्याला उलटा चार्ज करून संपवतात.

निकेलवाला फार दिवस पडून शून्यावर गेला असेल तर काही चार्जर त्याला सेलच समजत नाहीत. तो कमी करंटनं जागा होण्याची शक्यता असते, रिफ्रेशचा मोड, म्हणजे भरून-रिकामा करून परत भरणारा, दोन-तीनदा लावून पाहायला हरकत नाही. लिथियमच्या बाबतीत असा प्रयोग नको, दोन-अडीच व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडलेला सेल टाकूनच द्यायचा, मेलेला सेल जागा करणारं बटण चार्जरवर असलं तरी.

धूर निघायला लागला किंवा सुसू असा आवाज आला तर आधी बोर्डावरचं बटण बंद, मग सेलला हात न लावता वरून वाळू, खिडक्या उघडा आणि बाहेर व्हा, तो धूर विषारी असते. बांधकामाच्या जागेवरून डबाभर वाळू आणून चार्जरजवळ ठेवायला काही लागत नाही.

टाकायचे सेल कचऱ्याच्या गाडीत नको. गाडीत कचरा दाबला जाते, लिथियम चेपला की पेट घेते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, एका प्लास्टिकच्या डब्यात जमा करा, फुगलेला असेल तर वेगळ्या डब्यात वाळूत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे नवीन घेताना दुकानदाराला जुने घेता का हे विचाराच, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. लेड-ॲसिडचं मात्र टेन्शन नाही, शिशाला भाव आहे, जुनी बॅटरी दिली की नवीवर पैसे कमी करतात, फक्त किती करणार ते नवी गाडीवर टाकायच्या आधी ठरवून घ्या.